ट्रकवरील रॉकेट तोफखाना: पल्ल्याच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

देवळालीत ‘तोपची’ हा तोफखान्याचा वार्षिक सराव झाला, की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पिनाका या भारतीय रॉकेट लाँचरचे छायाचित्र हमखास छापून येते आणि खालच्या ओळीत पल्ल्याचा आकडा ठळक असतो. पुढचे काही दिवस सगळीकडे एकच हिशेब चालतो. सोव्हिएत बनावटीच्या ग्रॅडचा पल्ला २० किलोमीटर, पिनाकाचा ४०च्या आसपास, सोव्हिएत बनावटीच्याच स्मर्चचा ९०, म्हणून स्मर्च सर्वांत भारी. हा हिशेब मला अपुरा वाटतो आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे असे, की रॉकेट तोफखान्याची खरी कुवत लाँचरपेक्षा त्याच्या मागून चालणाऱ्या गाड्यांवर ठरते. पिनाकाचेच पाहा. एका लाँचरवर २१४ मिलिमीटर व्यासाची १२ रॉकेटे असतात आणि ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. एका बॅटरीत, म्हणजे एकत्र डागणाऱ्या तुकडीत, सहा लाँचर, म्हणजे ७२ रॉकेटे. एका रॉकेटाचे वजन सुमारे २७६ किलो आहे. गुणाकार केला तर एक बॅटरी पाऊण मिनिटाच्या आत जवळजवळ २० टन माल हवेत सोडून मोकळी होते. तुलनेसाठी बोफोर्स घ्या. तिच्या सहा तोफांनी पहिल्या झपाट्यात प्रत्येकी तीन गोळे टाकले तरी ते १८ होतात आणि एकेक गोळा साधारण ४३ ते ४५ किलोचा. पहिल्या मिनिटात रॉकेटांची बरोबरी तोफ करू शकत नाही, हे उघड आहे. परंतु दुसऱ्या मिनिटाला तोफ गोळे टाकतच असते आणि लाँचर मात्र रिकामा असतो. मग पुढचे २० टन कोणी, कोठून, किती वेळात आणायचे? पल्ल्याच्या आकड्यात या प्रश्नाचे उत्तर नाही.

ट्रकची कल्पना कोठून आली, तेही सांगतो. सोव्हिएत लाल सेनेने १४ जुलै १९४१ रोजी ओर्शा येथील रेल्वे स्थानकावर बीएम-१३ची, म्हणजे पुढे ‘कत्यूशा’ म्हणून गाजलेल्या अस्त्राची पहिली फैर डागली. झिस-६ या साध्या मालवाहू ट्रकावर लोखंडी रुळांची चौकट आणि तिच्यावर १३२ मिलिमीटरची १६ रॉकेटे, एवढाच तो थाट होता. पुढे अमेरिकेकडून मदत म्हणून आलेले स्टुडबेकर ट्रक मिळाले आणि त्यांच्यावरही हीच चौकट चढली. हे जमले याचे कारण रॉकेटाला तोफेसारखा मागचा धक्का नसतो. वायू नळीच्या मागून मोकळे बाहेर पडतात, त्यामुळे जाड पोलादी नळी, धक्का झेलणारी यंत्रणा आणि अवजड गाडा यांची गरजच उरत नाही. साध्या ट्रकाला तोफखान्याचे काम करता आले ते यामुळे.

तोफखान्यात सेवा केलेली बरीच मंडळी देवळाली कॅम्प, भगूर आणि नाशिकरोड भागात राहतात. त्यांनी डागण्याच्या आधी आणि नंतर काय घडते ते लिहावे, ही विनंती.

जुना तोपची

गोदाकाठचा, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. माझी सेवा तोफखान्यात झाली आणि त्यातला मोठा काळ ग्रॅडवर गेला, त्यामुळे तिच्याबद्दल अधिकाराने लिहू शकतो. पिनाकाबद्दल लिहीन ते जेवढे उघड माहितीत आहे तेवढेच.

ग्रॅड, म्हणजे बीएम-२१, सोव्हिएत सैन्यात १९६३ मध्ये आली. १२२ मिलिमीटरच्या ४० नळ्या, खाली उरल ट्रक, एकूण वजन १४ टनांच्या आत. चाळीसही रॉकेटे सुमारे २० सेकंदांत जातात. बघणाऱ्याला ते २० सेकंद आठवतात आणि आम्हाला त्यानंतरची भरणी. एक रॉकेट ६६ किलोचे आणि पावणेतीन मीटरपेक्षा जास्त लांब. ते पेटीतून काढायचे, दोघा-तिघांनी उचलायचे, नळीच्या मागच्या तोंडातून आत सरकवायचे, अडकले आहे याची खात्री करायची आणि पुढच्याकडे वळायचे. असे चाळीस वेळा. पुस्तकात दहा मिनिटे लिहिलेली असतात. ती ताज्या दमाच्या, सपाट जमिनीवरच्या आणि दिवसाउजेडी काम करणाऱ्या जवानांची दहा मिनिटे आहेत. लडाखच्या उंचीवर हेच काम करताना श्वास कसा लागतो, ते तेथे गेलेल्यालाच कळेल.

भरणी डागलेल्या जागी करत नाहीत, हा यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. चाळीस रॉकेटांचा धूर आणि धुळीचा लोट काही किलोमीटरवरून दिसतो आणि शत्रूच्या रडारला तर धुराचीही गरज नसते. आपल्याकडे ‘स्वाती’ नावाचे शस्त्रशोधक रडार आहे. येणाऱ्या रॉकेटाच्या मार्गाचा एक तुकडा टिपून ते कोठून सुटले ते गणिताने काढते आणि रॉकेटांसाठी त्याची मर्यादा ४० किलोमीटरपर्यंत सांगितली जाते. असे रडार समोरच्याकडेही असणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागते. म्हणून आडोशाची जागा वेगळी, डागण्याची जागा वेगळी आणि भरणीची जागा तिसरीच असते. लाँचर आडोशातून निघतो, आधी मोजून ठेवलेल्या जागी उभा राहतो, डागतो आणि नळ्या खाली येताच निघतो. भरणीच्या ठिकाणी दारूगोळ्याच्या गाड्या अगोदर पोहोचलेल्या नसतील, तर मोकळ्या लाँचरचा युद्धात काडीचाही उपयोग नाही.

एक वेगळा प्रसंगही नोंदवतो, कारण तो पाठ्यपुस्तकात बसत नाही. १९९९च्या कारगिल युद्धात ग्रॅड काही ठिकाणी थेट समोरच्या डोंगरावर नेम धरून डागल्या गेल्या. हे क्षेत्रावर मारा करण्याचे हत्यार आहे. डोंगरकड्यावरच्या ठाण्यावर ते बंदुकीसारखे रोखायचे, ही कल्पना सपाटीवर कोणी मांडली असती तर त्याला वर्गाबाहेर काढले असते. तेथे मात्र लक्ष्य डोळ्यांसमोर उभे होते आणि जवळपास रॉकेटे कोसळल्याचा शत्रूच्या मनावर होणारा परिणामही हवा होता. त्या युद्धात तोफखान्याने सर्व मिळून अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. तेवढा माल द्रास आणि मश्कोहपर्यंत ट्रकांनीच नेला, हे या धाग्याच्या विषयाला धरून सांगतो.

अंबडचा यंत्रकार

मी अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांच्या कामात आहे, सैन्याशी संबंध नाही. परंतु रॉकेट इतके विखुरते का, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा असल्याने लिहितो.

१५५ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर असतो. त्याची दिशा नळीतच पक्की झालेली असते. ग्रॅडचे रॉकेट तीन मीटरच्या नळीतून बाहेर येते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५० मीटर असतो आणि ६९० मीटरपर्यंत तो पुढे हवेत चढतो. म्हणजे ज्या काळात रॉकेट सर्वांत हळू असते, त्याच काळात त्याला आधार द्यायला नळी नसते. त्या क्षणी बाजूने वारा आला, तर तो शेपटीच्या पंखांवर जास्त जोर करतो, शेपूट वाऱ्याबरोबर जाते आणि नाक वाऱ्याच्या दिशेने वळते. मोटर, म्हणजे रॉकेटाला ढकलणारे इंधन, अजून जळत असल्याने रॉकेट नाक जिकडे वळले तिकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेला जाते. मोटर विझल्यावर मात्र तोच वारा त्याला आपल्या दिशेने वाहून नेतो. एकाच वाऱ्याचे दोन टप्प्यांत दोन उलटे परिणाम होतात, हे मला कळले तेव्हा फार गंमत वाटली.

यावर जुना उपाय फिरकीचा आहे. ग्रॅडच्या नळीच्या आतल्या बाजूला एक मळसूत्री खाच असते आणि रॉकेटाच्या अंगावर एक छोटी खुंटी असते. खुंटी खाचेतून सरकत जाते आणि रॉकेट बाहेर पडताना हळू फिरकी घेते. नळीत असताना पंख रॉकेटाच्या अंगाला गुंडाळलेले असतात, कारण ते त्याच गोलाईत वाकवलेले असतात, आणि बाहेर येताच ते उघडतात. मोटरचा जोर अगदी मधोमध नसेल, तर त्याने होणारी चूक ही फिरकी सगळ्या दिशांना वाटून टाकते. वाऱ्याने होणारी चूक ती पुसत नाही. म्हणूनच पिनाकाच्या बॅटरीबरोबर वरच्या थरांतील वारा मोजणारे हवामान पथक असते. त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही, परंतु त्याच्याशिवाय ४० किलोमीटरवर डागलेली रॉकेटे कोठे पडतील याची खात्री देता येणार नाही.

आता ट्रक. रॉकेटाला मोठा धक्का नसला तरी प्रत्येक रॉकेट सुटताना त्याचा झोत लाँचरवर आदळतो आणि वजन कमी झाल्याने गाडी वर उसळते. ही थरथर थांबायच्या आत पुढचे रॉकेट सोडले तर त्याची दिशा बिघडते. पिनाकाच्या बारा रॉकेटांना ४४ सेकंद लागतात, म्हणजे दोन रॉकेटांत साधारण चार सेकंदांचे अंतर. ग्रॅडमध्ये हे अंतर अर्धा सेकंद आहे. गाडी चारही बाजूंनी हायड्रॉलिक पायांवर उचलून धरण्याचे कारणही हेच. पिनाका ज्या टाट्रा गाडीवर आहे, तिच्या मधोमध एक जाड नळीचा कणा असतो आणि प्रत्येक चाकाचा अर्धा आस त्या कण्याला स्वतंत्रपणे जोडलेला असतो. एक चाक खड्ड्यात गेले तरी कणा पिळवटत नाही आणि वर बसवलेली यंत्रणा वाकडी होत नाही.

राहिला भरणीचा मुद्दा. सुभेदारसाहेबांनी (हुद्दा चुकला असल्यास क्षमस्व) चाळीस वेळा उचलण्याचे वर्णन केले आहे. पिनाकात सहा-सहा रॉकेटांचे दोन पॉड, म्हणजे एकत्र बांधलेल्या नळ्यांचे संच, असतात आणि भरणीच्या गाडीवरची क्रेन ते हाताळते. अमेरिकेच्या हायमार्स या ट्रकवरील लाँचरमध्ये सहा रॉकेटांचा बंद पॉड कारखान्यातूनच भरून येतो आणि लाँचरवरचीच क्रेन रिकामा पॉड खाली ठेवून भरलेला उचलते. पिंपळगावचा द्राक्षबागायतदार घड एकेक करून ट्रकात रचत नाही, क्रेट भरून आणतो, तसाच हा फरक आहे. हायमार्समध्ये तीनच माणसे लागतात आणि ती तिघे चिलखती केबिनमधून खाली न उतरता डागतात, याचे मूळ या पॉडमध्ये आहे.

बाणदार

थोडे विषयांतर करतो. मराठ्यांच्या फौजेत बाण डागणारे बाणदार होते आणि हे बाण म्हणजे दारू भरलेली रॉकेटेच होती. १७८०च्या पोल्लिलूरच्या लढाईत म्हैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या रॉकेटांनी इंग्रजांना हादरवले आणि पुढे इंग्लंडमधील वुलिचला विल्यम काँग्रीव्हने त्यावरूनच आपली रॉकेटे बनवली. हल्लीच्या पिनाकाचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील संरक्षण प्रयोगशाळेचा, काही रॉकेटे नागपूरकडची आणि त्यावर शिकणारे तोपची देवळालीचे, हे पाहून महाराष्ट्राने बाणदारी सोडलेली नाही असे म्हणायला हरकत नाही.

शंकासूर

सर्व प्रतिसाद वाचले. मात्र येथे कोणी ड्रोनबद्दल बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्रॅड गाड्या ड्रोनने हेरून टिपल्याची चित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पूर्वी लाँचरला रडारपासून पळायचे होते. आता तो आडोशात उभा असतानाच वरून दिसतो. भरणीच्या जागी दारूगोळ्याच्या गाड्या आधीच जाऊन थांबल्या असतील, तर ड्रोनला याहून चांगले लक्ष्य कोणते? ज्या ताफ्याला आपण ताकद म्हणत आहात, तोच मला या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

दुसरे असे, की हायमार्सचे कौतुक जरा अती होते. जून २०२२ मध्ये ती युक्रेनला मिळाली, जुलैमध्ये तिने खेरसॉनजवळचा अँतोनिव्स्की पूल जड वाहनांसाठी निकामी केला आणि रशियाचे दारूगोळ्याचे साठे उडवले, हे खरे आहे. परंतु पुढे रशियाने साठे मागे नेले आणि उपग्रहाचे संकेत जाम करायला सुरुवात केली, तेव्हा हायमार्सच्या त्याच जीएमएलआरएस या मार्गदर्शित रॉकेटांची अचूकता घसरल्याच्या तक्रारी आल्या. एकेक रॉकेट लाख डॉलरच्या वर जाते आणि ते जाम झाल्यावर शेतात पडते.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

शंकासूर, ड्रोनचा मुद्दा रास्त आहे आणि त्याने माझे म्हणणे उलट घट्टच होते. ताफा हा कच्चा दुवा आहे, म्हणूनच एखादे सैन्य या अस्त्राचा किती गंभीरपणे विचार करते, हे त्याच्या ताफ्याच्या मांडणीवरून ओळखता येते. युक्रेनने आपल्या हायमार्स एकेकट्या फिरवल्या, डागून लगेच जागा सोडली आणि भरणीच्या जागा विखरून ठेवल्या. त्यामुळेच त्यांपैकी एक नष्ट झाल्याचा ठोस पुरावा २०२४ उजाडल्यावर मिळाला. याउलट एका जागी माणसे आणि दारूगोळा साठवला की काय होते, हे १ जानेवारी २०२३ रोजी मकीव्का येथे दिसले. तेथील एका इमारतीत उतरलेल्या रशियन सैनिकांवर हायमार्सची रॉकेटे पडली आणि रशियाने स्वतः ८९ मृत्यू मान्य केले.

हायमार्स सुमारे १६ टनांची आहे आणि सी-१३० विमानात मावते. स्मर्च ४३ टनांच्या वर जाते. पल्ल्यात ती भारी असेल, परंतु तिला पेलणारे पूल कोणत्या रस्त्यावर आहेत, हे आधी पाहावे लागते. सीमेकडच्या डोंगरी रस्त्यांवर हा प्रश्न पल्ल्याच्या आधी येतो. स्मर्चचे एक रॉकेट ८०० किलोचे असते, ते सात मीटरहून लांब नळीत क्रेनशिवाय भरणे अशक्यच. बारा रॉकेटे ३८ सेकंदांत जातात खरी, पण नंतरची भरणी अतिशय सावकाश होते.

अचूकतेबद्दल मला दोन टोके दिसतात. एका टोकाला साधे रॉकेट. त्याचा विखुरलेला मारा मोकळ्या मैदानातील फौजेवर चालतो, परंतु वस्तीजवळ वापरले की अनर्थ होतो. २४ जानेवारी २०१५ रोजी युक्रेनमधील मारियुपोलच्या रहिवासी भागात ग्रॅडची रॉकेटे पडली आणि सुमारे तीस नागरिक मेले. दुसऱ्या टोकाला मार्गदर्शित रॉकेट, जे महाग आहे आणि उपग्रहावर अवलंबून आहे. मात्र आतील जडत्वीय, म्हणजे उपग्रहाशिवाय स्वतःच हालचाल मोजणारी, दिशादर्शक यंत्रणा चालूच राहत असल्याने जाम झालेले रॉकेट नुसते भरकटत नाही, त्याची चूक वाढते एवढेच. मार्गदर्शित पिनाकाच्या नाकाजवळ छोटे हलते पंख असतात आणि त्याचा पल्ला ७५ किलोमीटरपर्यंत जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या चाचण्यांचा महत्त्वाचा टप्पा पूर्ण झाला. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जे १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले, ते मुख्यतः पिनाकासाठीच्या क्षेत्ररोधक (एखाद्या भागात शत्रूला वावरू न देणाऱ्या) आणि वाढीव पल्ल्याच्या स्फोटक रॉकेटांचे होते. म्हणजे आपले सैन्य एकाच टोकाला जाऊन बसलेले नाही. मला हा व्यवहारी निर्णय वाटतो. सगळीच रॉकेटे मार्गदर्शित घेतली तर तिसऱ्या आठवड्यात कोठारे रिकामी होतील.

कॉलेज रोडची वाचक

शेजारी देशांची स्थिती काय आहे, याबद्दल कोणी लिहील का?

अंबडचा यंत्रकार

ताई, थोडक्यात लिहितो. चीनने स्मर्चच्या धर्तीवर ३०० मिलिमीटरची पीएचएल-०३ बनवली आणि नंतरच्या व्यवस्थेत एकाच गाडीवर वेगवेगळ्या व्यासांचे पॉड बदलून बसवण्याची सोय केली. पाकिस्तानकडे चिनी बनावटीची ए-१०० आहे आणि १४० किलोमीटर पल्ला सांगितली जाणारी फतह-१ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी सैन्यात स्वतंत्र रॉकेट दल उभारण्याची घोषणा केली. पोलंडने २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या चुनमू लाँचरची मोठी मागणी नोंदवली, तीही आपल्याच देशातील येल्च ट्रकावर बसवून. गाडी स्थानिक असली की सुटे भाग आणि दुरुस्ती हाताशी राहते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

कॉलेज रोडची वाचक

धन्यवाद. शेवटची एक शंका. पिनाका ४० किलोमीटर जात असेल, तर देवळालीच्या फायरिंग रेंजवर ती पूर्ण पल्ल्याने डागणार कशी? घोटी, सिन्नर हे सगळे त्या अंतराच्या आतच येते.

जुना तोपची

ताई, पूर्ण पल्ल्याचा मारा देवळालीत करत नाहीत. त्यासाठी राजस्थानात पोखरण आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूर येथे जागा आहेत. चांदीपूरला रॉकेट समुद्राच्या दिशेने सोडता येते आणि त्याचा सगळा मार्ग रडारने व दुर्बिणींनी मोजता येतो. देवळाली ही शिकवण्याची जागा आहे. गाडी जागेवर घेणे, दिशा बसवणे, गणित करणे, जागा सोडणे हे सगळे येथे रॉकेट न डागताही शिकवता येते आणि शिकाऊ अधिकाऱ्याच्या चुका बहुतेक करून याच कामांत होतात.

कमी अंतरावर मारा करायचा झाल्यास नळी नुसती खाली-वर करून भागत नाही, कारण कोन फार कमी केला तर विखुरणे लांबीच्या दिशेने वाढते. ग्रॅडसाठी यावर एक साधी युक्ती होती. रॉकेटाच्या नाकाशी पत्र्याची एक रुंद कडी बसवायची. तिच्यामुळे हवेचा विरोध वाढतो, रॉकेट लवकर मंदावते आणि जास्त कोनात डागूनही जवळ पडते. लहान आणि मोठी अशा दोन कड्या येत आणि प्रत्येकीचे पल्लापत्रक वेगळे असे. कोणत्या रॉकेटावर कोणती कडी चढवली आहे, हे भरणीच्या वेळी मोठ्याने पुकारण्याची पद्धत आमच्याकडे होती, कारण एका लाँचरवर दोन प्रकारच्या कड्या गेल्या तर निम्मी रॉकेटे लक्ष्याच्या भलतीकडेच पडणार.